मालवणचा नाताळ, कुवेतचा नाताळ

मालवण म्हटलं की तुम्हां मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, सुरमईचं ताट आणि परतताना पिशवीत कोकम, काजू नि मालवणी खाजं! डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव, सगळीकडच्या गाड्या बाजारात एकमेकींना खेटून उभ्या. आम्हां इथल्या बायकांना मासळी हवी असेल तर पाहुण्यांच्या आधी, अगदी भल्या सकाळी जाऊन टोपलीपाशी उभं राहावं लागतं.

पण ह्या पाहुण्यांपैकी फारच थोडे जण मुख्य रस्ता सोडून आतल्या आळ्यांत शिरतात. शिरले तर त्यांना दिसेल की कित्येक चिरेबंदी, कौलारू घरांच्या पडवीत कागदी चांदण्या टांगल्या आहेत, अंगणातल्या पांढऱ्या खुरिसाला झेंडूची माळ घातली आहे, आणि मागच्या दारी चुलीवर मोठं तांब्याचं भांडं चढवून दोघीतिघी जणी आळीपाळीने काहीतरी ढवळत बसल्या आहेत. ती मालवणची ख्रिस्ती घरं. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज, लुद्रिक. आडनावं पोर्तुगीज, पण बोली आमचीच, मालवणी. थोडीशी कोंकणीकडे झुकलेली, एवढंच.

ही मंडळी मूळची बहुतेक गोव्याची. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि पुढल्या दोन-तीन शतकांत कोणी छळाला कंटाळून, कोणी पोटासाठी, कोणी सोयरिकीने असे उत्तरेकडे सरकत वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण ह्या पट्ट्यात येऊन राहिले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांतही वेगळा झाला. त्याचं मुख्य ठाणं सावंतवाडी. इथल्या मिस्सा मराठीत होतात, कोंकणीतही होतात. आणि पोर्तुगीज भाषा काय फक्त त्यांच्याच घरात आहे असं समजू नका हं. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, तसेच पाव, बादली, चावी आणि पगार हेसुद्धा पोर्तुगीजच! ह्यातले शेवटचे दोन शब्द ह्या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहेत.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती काकी राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. घर मोठं, पाच खणांचं, मागे माडांची बाग, आणि त्या घरात काकी एकट्या. मुलगा, सून आणि दोन नातवंडं कुवेतला. आमच्या आळीत ही काही नवलाची गोष्ट नाही. एका घरचा मुलगा बहारीनला, दुसऱ्याचा जहाजावर, तिसरीची मुलगी दुबईत नर्स. हिंदूंच्या घरांतही आता तेच. माझी स्वतःची धाकटी नणंद लग्न होऊन कुवेतला गेली, आणि तिचं पहिलं बाळंतपण २०२४च्या डिसेंबरात आलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना विमानाची धास्ती. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, नाताळची सुट्टी जोडून घेता येत होती. कुवेतने बंद ठेवलेले कुटुंबभेटीचे व्हिसा त्याच वर्षी पुन्हा सुरू केले होते. तेव्हा जायचं मी, असं ठरलं.

मी जाणार हे कळल्याबरोबर काकी आमच्या ओटीवर येऊन बसल्या. “गो बाय, तुझ्या सामानात माका वायच जागा मेळात?” वायच म्हणजे जरासं. ती जराशी जागा शेवटी तीस किलोंपैकी अकरा किलो झाली!

आता त्या अकरा किलोंचं सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाचं ना कोणाचं माणूस आखातात असेलच. काकींनी पहिल्यांदा केला दोदोल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, एवढंच त्यात असतं. पण मंद आचेवर दोन-तीन तास हात न थांबवता घोटावं लागतं. कडेने तेल सुटायला लागलं आणि गोळा भांड्याला चिकटेनासा झाला की तूप लावलेल्या ताटात ओतून थापायचा. वड्या काळ्याभोर, तुळतुळीत होतात आणि चांगल्या टिकतात, म्हणून प्रवासाला उत्तम. मग झाल्या नेवऱ्या. म्हणजे आपल्या करंज्याच, नाव तेवढं वेगळं. मग कुलकुलं. ही मी माझ्या लेकीला घेऊन करायला बसले होते. गोड पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखी नक्षी उठते. मग तळून पाकात घोळवायची. मुलांना ह्या कामाला बसवलं की ती दोन तास हलत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा.

नेवऱ्यांच्या सारणात मात्र काकींनी खसखस घातली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “थय चलना नाय.” आणि हे तुम्हीही ध्यानात ठेवा. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, म्हणून आखातातल्या कित्येक देशांत तिला बंदी आहे. आपण करंजीत, अनारशावर, मसाल्यात सहज घालतो. मालवणी मसाल्यातही काही घरी ती असते. तिकडे जाणाऱ्या माणसाबरोबर मसाला द्यायचा असेल तर खसखस वगळून वेगळा कुटावा. काकींना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्या स्वतः तिथे राहून आल्या आहेत.

काकी तिकडे का येत नव्हत्या, ते त्यांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं. हे दर्शन दर दहा वर्षांनी होतं. ह्या खेपेला २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. झेवियर वारले १५५२ साली, आणि आजही गोव्याची माणसं त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. काकी म्हणायच्या, “पुढल्या धा वर्सांनी मी आसंय की नाय, कोण सांगतला? सायबाक भेटान घेऊचा आसा.” कारण खरंच होतं. पण सगळं कारण तेवढंच नव्हतं, ते मला कुवेतला गेल्यावर कळलं.

मुंबईहून कुवेत साधारण चार तासांचा प्रवास. विमानातून उतरताना खाली नुसती पिवळी-करडी जमीन, तिच्यावर सरळ रेघा मारल्यासारखे रस्ते, आणि एका बाजूला समुद्र. तो समुद्र पाहून मला आमच्या चिवल्याच्या किनाऱ्याची आठवण झाली, ती फक्त पाण्यापुरती. झाड म्हणून जे होतं ते माणसाने पाणी घालून वाढवलेलं. डिसेंबरात मात्र हवा सुखाची असते. रात्री दहा अंशांपर्यंत उतरते, स्वेटर लागतो. उन्हाळ्यात हाच देश भट्टी होतो म्हणतात.

आपला आणि ह्या देशाचा संबंध काही आजचा नाही. तेल निघण्याच्या आधी तिथले लोक शिडाच्या गलबतांतून खजूर घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि इथून लाकूड, मसाले, तांदूळ घेऊन जात. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला, तोवर तिथे चक्क आपला रुपया चालत होता! आज तिथे सुमारे दहा लाख भारतीय आहेत. माझ्या मुक्कामातच, २१ आणि २२ डिसेंबरला, आपल्या पंतप्रधानांचा दौरा होता. ४३ वर्षांनी भारताचे पंतप्रधान तिथे गेले म्हणून आपल्या लोकांत मोठा उत्साह होता. नणंदेच्या इमारतीतल्या बायका आठवडाभर साड्यांची चर्चा करत होत्या.

नणंद सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, तो भाग आनंदाचा आणि आमच्या घरचा. तो इथे लांबवत नाही.

काकींचा मुलगा अब्बासियात राहतो. ह्या भागात आपल्याकडची, त्यातून केरळची वस्ती फार. दुकानांच्या पाट्या मल्याळीत, रस्त्यावर केळीची वेफर तळण्याचा वास, फुलांच्या वेण्यासुद्धा मिळतात. दोन खोल्यांचं घर, चौथ्या मजल्यावर. मी अकरा किलोंचा डबा घेऊन २२ तारखेला तिथे पोचले तेव्हा सून नुकतीच इस्पितळातून कामावरून आली होती. ती नर्स आहे. पायातले मोजेही न काढता तिने डबा उघडला, दोदोलाचा वास घेतला आणि आत जाऊन दोन मिनिटं बाहेर आली नाही. आम्ही बायका असल्या वेळी काही बोलत नाही. मी तोवर मुलांना कुलकुलं वाटली.

खिडकीच्या कठड्यावर डब्यांच्या झाकणांतून हिरवे कोंब आले होते. आपल्याकडे नवरात्रात रुजवण घालतो ना, अगदी तसे. मालवणला ख्रिस्ती घरांतली मुलं नाताळच्या दहा-बारा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरतात. ती उगवून आली की येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात शेत म्हणून मांडतात. इथे करवंट्या कुठून आणायच्या? पण नाचणी केरळी दुकानात मिळाली, आणि नातीने ती झाकणांत पेरली. देखाव्यातला गोठा खोक्याच्या पुठ्ठ्याचा. एक गोष्ट मला फार आवडली. त्या गोठ्याच्या मागे मुलाने पुठ्ठ्याचा माड केला होता. बेथलहेमात माड नसतो, हे मी शिक्षिका असूनही त्याला सांगितलं नाही.

आता सुनेच्या स्वयंपाकघराकडे वळू. कारण सण परदेशात कसा टिकतो हे बघायचं असेल तर तिथेच बघावं. नाताळाच्या जेवणात सोरपोतेल हवंच. ते डुकराच्या मांसाचं आणि काळजाचं, व्हिनेगर घालून केलेलं. दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करतात, तसं ते मुरतं. कुवेतमध्ये डुकराचं मांस मिळत नाही आणि दारूलाही पूर्ण बंदी आहे. मग सून बोकडाचं मटण आणि कलेजी घेते, मसाला तोच, मुरवण्याची रीतही तीच. सान्नांचं पीठ आपल्याकडे माडीने फुगवतात, म्हणून त्या इडलीहून हलक्या नि किंचित गोडसर होतात. तिथे माडीचं नावच नको! ती तांदूळ आणि ओला नारळ वाटून त्यात चिमूटभर यीस्ट आणि साखर घालते आणि पीठ उबेला ठेवते. फळांच्या केकसाठी सुका मेवा रममध्ये भिजवायचा, तर ती संत्र्याच्या रसात भिजवते. बिबिंका ह्या एकाच पदार्थाला परदेशाचा फायदा झाला, असं तिचं म्हणणं. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा ह्यांचं मिश्रण एकेक पळी ओतून, वरून भाजून, थरावर थर चढवायचे. कमीत कमी सात. गावी ह्यासाठी झाकणावर निखारे ठेवून धुराने डोळे चोळत बसावं लागतं. इथे ओव्हनची वरची आच लावली की झालं. “पण वहिनी,” ती म्हणाली, “आईंच्या बिबिंकाक धुराचो वास येता, तो ह्यात येना नाय.”

मला विचाराल तर तिचं सोरपोतेल फार चवदार होतं. पण नवऱ्याने पहिला घास घेतला आणि “बरा झालाहा” एवढंच म्हणाला. गावच्या चवीशी तुलना करण्याची पुरुषांची सवय कुठल्याच धर्मात वेगळी नाही!

२५ डिसेंबरला कुवेतमध्ये सुट्टी नसते. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. २०२४चा नाताळ बुधवारी आला. मुलाला रजा मिळाली नाही. सुनेची सकाळपाळी, सात ते तीन. म्हणून मुख्य सण त्यांनी २४च्या संध्याकाळीच केला. मीही बरोबर गेले. कुवेत शहरातलं पवित्र कुटुंबाचं कॅथेड्रल १९६१ साली उभं राहिलं. त्याहून जुनं चर्च अहमदीत आहे, तेलकंपनीच्या वसाहतीत. रस्त्यावर सणाची काहीच खूण नव्हती. ना चांदणी, ना रोषणाई, नेहमीसारखी गाड्यांची गर्दी. आणि एका फाटकातून आत गेलं, पिशव्या तपासून झाल्या, की एकदम हजारो माणसं. फिलिपिनो बायका लेकरांना कडेवर घेऊन, केरळची मंडळी पांढऱ्या-सोनेरी काठांत, लेबनॉन-इजिप्तची अरबी बोलणारी कुटुंबं, आणि गोव्याची, मंगळूरची, आमची. एका भाषेची मिस्सा संपते तोवर दुसऱ्या भाषेचे लोक बाहेर उभे असतात. कोंकणीतही मिस्सा होते. मला प्रार्थना येत नव्हत्या, पण शब्द कळत होते, आणि परक्या देशात नुसते शब्द कळण्याचंसुद्धा काय सुख असतं ते त्या दिवशी अनुभवलं. शेजारी एक वेंगुर्ल्याची बाई निघाली. तिने माझ्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, आडनाव विचारलं आणि तिसऱ्याच वाक्याला आमची एक दूरची ओळख निघाली. कोकणातल्या बायकांना ह्यासाठी पाच मिनिटंही पुरे होतात.

मालवणचं घड्याळ कुवेतच्या अडीच तास पुढे. म्हणजे इथे मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात. बरोबर साडेनऊला सगळे घरी परतून फोनसमोर बसले. पलीकडे माझ्या सासूबाई फोन धरून उभ्या होत्या, कारण काकींना तो धरता येत नाही. चर्चच्या आवारातली गर्दी, दिवे, अंगात जुना कोट घातलेल्या काकी. नातीने विचारलं, “आजी, आपल्या घराक चांदणी लावलंस?” काकी म्हणाल्या, “लावलंय गो. हेंनी शिडी धरल्यानी.” हेंनी म्हणजे माझ्या यजमानांनी! ते मला फोनवर काही बोलले नव्हते.

फोन ठेवल्यावर मुलाने विषय काढला. मालवणातल्या एका पर्यटनवाल्याने घर मागितलं होतं. पाच वर्षांच्या कराराने पूर्ण घर द्यायचं. तो आत न्हाणीघरं बांधून घेणार, पुढल्या पडवीत खाणावळ घालणार, महिन्याला चांगली रक्कम देणार. आईने सावंतवाडीला बहिणीकडे राहावं. मुलाची बाजू काही वाईट नव्हती. एकटी आई, रात्री-अपरात्री पडली-झडली तर काय? तिला इथे कायमचं आणावं तर आई-वडिलांसाठी तसा परवाना कुवेतमध्ये सहजी मिळत नाही. तेव्हाच्या नियमाने महिनाभर पाहुणी म्हणून येऊ शकत होती, एवढंच. घर रिकामं ठेवलं तर कौलं, वाळवी, पावसाळा. आणि दोन मुलांच्या शाळेची फी. “वहिनी, तुम्ही तिका समजावा. तुमचा आयकता.”

मी काही बोलायच्या आत सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि आपण परत जावचा खय?”

मैत्रिणींनो, ह्या एका प्रश्नात आखातातल्या संसाराचं सगळं गणित आहे. अमेरिकेला गेलेला माणूस तिथला होऊन जाऊ शकतो. कुवेतमध्ये वीस वर्षं राहा नाहीतर चाळीस, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपला. नागरिकत्व नाही. मुलं तिथे जन्मली तरी तिथली नाहीत. प्रत्येकाला केव्हातरी परतायचंच असतं, आणि परतायचं म्हणजे कुठेतरी एक चावी लागते. पगार तिकडचा, चावी इकडची.

आणि ह्या घराने ते एकदा पाहिलेलं आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा काकी, काका आणि लहान मुलगा तिथेच होते. काका एका गॅरेजात कामाला. बँका बंद, पगार बंद, दिनाराची किंमत कागदाएवढी. बसमधून इराक ओलांडून ते जॉर्डनला गेले, वाळवंटातल्या तंबूंत दिवस काढले, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या वेळी एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त भारतीयांना परत आणलं. नागरी विमानांनी एवढी माणसं हलवल्याचं दुसरं उदाहरण नाही. आकडे वाचताना छाती फुगते. पण त्या फेऱ्यांतून उतरलेल्या बाईच्या हातात एक पिशवी होती, आणि अंगावर नेसलेलं एक पातळ.

त्या वर्षीचा नाताळ आमच्या सासूबाईंना आठवतो. त्या सांगतात, आळीत तशी चार कुटुंबं परतून आली होती. गोडधोड करायला कुणाकडे काही नव्हतं. आपल्याकडे चतुर्थीला आमच्या घरचे मोदक काकींकडे जातात आणि नाताळला त्यांच्या घरचं गोड आमच्याकडे येतं. रिकामं ताट परत करायचं नाही ही रीत. त्या साली सासूबाईंनी आणि आणखी दोघींनी मिळून नारळ-गूळ जमवला आणि काकींच्याच चुलीवर दोदोल घोटला. पुढे काका १९९२ला पुन्हा कुवेतला गेले, तिथेच आजारी पडून गावी येऊन वारले. मुलगा मोठा होऊन त्याच वाटेने गेला.

मुलाला हे सगळं ठाऊक होतंच. तो लहान होता, पण जॉर्डनमधल्या तंबूत वाटलेल्या पावाची त्याला अजून आठवण आहे. तो गप्प राहिला. सुनेने विषय बदलून उद्याच्या डब्यांचं काढलं, कारण तिला पहाटे साडेपाचला उठायचं होतं. २५ तारखेचं जेवण संध्याकाळी पाचला झालं. इमारतीतली एक पाकिस्तानी शेजारीण खिरीचं पातेलं घेऊन आली, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी मुसलमान बाईने मुलांना चॉकलेटं दिली. सुनेने प्रत्येकीकडे काकींच्या नेवऱ्यांची बशी पाठवली. चार नेवऱ्या तिने वेगळ्या काढून डब्यात तळाशी ठेवल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मी ५ जानेवारीला परत आले. ६ तारखेला तीन राजांचा सण. त्या दिवशी काकींनी गोठ्याचा देखावा आवरला आणि सुनेने माझ्याबरोबर भरून पाठवलेला डबा उघडला. खजूर होते. ते त्यांनी आळीत घरोघरी वाटले. मी त्यांच्यापाशी बसले आणि मुलाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, सुनेचंही सांगितलं. माझ्याकडून तिखट-मीठ लावलं नाही. काकी बराच वेळ खजुराच्या बिया मोजत होत्या. मग म्हणाल्या, “नव्वद साली रिकाम्या हातान इलों, तेव्हा ह्या घरान पोटात घेतल्यान. तेका पाच वर्सां दुसऱ्याच्या हातात देऊ? पण झिलाचाही खरा आसा. फी खयसून भरतलो?”

पुढे जे झालं ते काकींच्या डोक्यातून निघालं, त्यात माझा वाटा फक्त अर्ज लिहिण्याचा. आमच्या जिल्ह्याला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून इथल्या पुष्कळ बायकांनी आपल्याच घरात पाहुण्यांची न्याहारी-निवासाची सोय केली आहे. काकींनी पडवीला लागून असलेल्या दोन खोल्या त्यासाठी काढल्या. मुलाने न्हाणीघरापुरते पैसे पाठवले. मधल्या दाराला आतून कडी. चहा-नाश्ता काकी आणि आमच्या सासूबाई मिळून बघतात. घावणे सासूबाईंचे, अंड्याचं काकींचं. सासूबाईंना ह्या वयात स्वतःची कमाई झाली आहे आणि त्या गुडघ्याचं नाव आताशा कमी काढतात. रात्री घरात माणसांची जाग असते, म्हणून मुलाचा जीवही थोडा थाऱ्यावर आला. पूर्ण घराचं भाडं आलं असतं त्याच्या निम्मेसुद्धा येत नाहीत, हेही खरं. सुनेने एक जादा पाळी घेतली आहे.

मुलाचं आणि आईचं आता भांडण आहे ते निराळंच. काकींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात १५ डिसेंबर ते ६ जानेवारी ह्या तारखांवर त्यांनी शाईने आडवी रेघ मारून ठेवली आहे. ह्या दिवसांत खोल्या कुणाला द्यायच्या नाहीत. झिल येवो न येवो. मुलगा फोनवर सांगतो, अगो आई, वर्षाची निम्मी कमाई ह्याच तीन आठवड्यांत होते, मालवणात तेव्हा खोली मिळत नाही, लोक दुप्पट पैसे देतात! काकी ऐकून घेतात आणि नातीला फोन द्यायला सांगतात. पुण्याच्या एका मंडळींनी त्याच तारखांसाठी चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी काकींनी तो सासूबाईंच्या हातात दिला, आणि सासूबाईंनी त्यांना फेब्रुवारीत यायला सांगितलं; तेव्हा मासळीही स्वस्त असते, म्हणाल्या.